पाच वर्षांची मशागत: ख्रिस्ती जीवनात दूरचं ध्येय कसं ठरवावं

माझ्या पवित्र शास्त्रातली खुणेची लाल फीत सलग तीन वर्षं एकाच जागी अडकली होती. उत्पत्ती आणि निर्गमनंतरचं तिसरं पुस्तक लेवीय, अध्याय १३. अंगावरचा चट्टा पांढरा की तांबूस, त्यावरचा केस कसला, याजकानं रोग्याला किती दिवस वेगळं ठेवायचं, असा ५९ वचनांचा तो अध्याय. दर ३१ डिसेंबरला वॉचनाईटच्या उपासनेत मी हात वर करायची: या वर्षी पूर्ण बायबल! रोजचे सव्वातीन अध्याय. उत्पत्ती झोकात व्हायचं, निर्गम बऱ्यापैकी, आणि फेब्रुवारी उजाडला की त्या चट्ट्यापाशी गाडी बंद. मग डिसेंबरपर्यंत मनाला खात बसायचं आणि वॉचनाईटला पुन्हा हात वर.

चौथ्या वर्षी मी हात वर केला नाही. घरी येऊन एक दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर एका वर्षाऐवजी पाच वर्षांनंतरची तारीख घातली. त्या वहीनं जे शिकवलं ते खाली लिहिते आहे. मी पाळक नाही, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाचा वर्ग घेते. लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करतात, त्याच्या तयारीचा हा वर्ग. वर्ग संपला, पहिलं प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) झालं, फोटो काढून झाले की मुलं हमखास विचारतात, "बाई, आता पुढे काय?" नव्यानं बाप्तिस्मा घेतलेली मोठी माणसंही हेच विचारतात, फक्त जरा दबक्या आवाजात. हा लेख त्या सगळ्यांसाठी.

पाच वर्षं कशाला?

कारण वर्ष फार लवकर संपतं. नव्या विश्वासणाऱ्याला वाटतं की बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर आलं की राग, हेवा, सवयी सगळं तळाशी राहील. राहत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की धर्म तेव्हा मिळाला होता, पण ख्रिस्त खऱ्या अर्थानं भेटायला आणखी आठेक वर्षं लागली. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईची ही गोष्ट. त्याच रमाबाईंनी नंतर केडगावला निराधार बायकामुलांच्या मुक्ती सदनाचा एवढा मोठा संसार सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. त्या कामाला दीड दशकाहून जास्त काळ लागला आणि १९२२ साली मृत्यू येण्याच्या थोडं आधी ते हातावेगळं झालं. वॉचनाईटला हात वर करून होणारं ते काम नव्हतं.

पाचच का, दहा का नाहीत? दहा वर्षांनंतरचं आपण कुणी बघू शकत नाही, आणि दहा वर्षांच्या नावाखाली आजचं काम उद्यावर ढकलणं फार सोपं जातं. पाच वर्षांत मूल पहिलीतून सहावीत जातं. तेवढं डोळ्यांसमोर येतं.

वहीच्या पहिल्या पानावर तारखेच्या वर एक ओळ लिहा: प्रभूची इच्छा असेल तर. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात उद्याचे बेत ठणकावून सांगणाऱ्या व्यापाऱ्यांना याकोब हीच ओळ शिकवतो. माझी आजी पत्रात प्रत्येक बेताआधी ती लिहायची, अगदी "मंगळवारच्या यष्टीनं येते" याच्याही आधी.

१. आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाबद्दल बोलतो. पाया घालण्याआधी बसून हिशेब करायला नको का, नाहीतर अर्धवट बांधकाम बघून लोक हसतील. यातलं "बसून" मला महत्त्वाचं वाटतं. उभ्या उभ्या, उपासनेतल्या गाण्याच्या भरात ठरवलेली ध्येयं उभ्या उभ्याच विरतात.

एखाद्या साध्या रविवारी दुपारी तासभर काढा. जानेवारी नको. वहीत खरं खरं लिहा: गेल्या आठवड्यात मी किती दिवस पवित्र शास्त्र उघडलं? एकट्यानं प्रार्थना केली ती किती वेळ? (जेवणाआधीची धरू नका.) कुणाशी माझं बोलणं बंद आहे? पैसे कुठे गेले? घरच्यांना माझ्या कुठल्या गोष्टीचा त्रास होतो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः लिहू नका, घरच्यांना विचारा. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या फळाची नऊ अंगं दिली आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ही यादी मी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, यातलं माझ्यात सगळ्यात कमी काय आहे? नवरा विचार करत कपाकडे बघत राहिला. मुलगा म्हणाला, "सौम्यता." इतक्या पटकन म्हणाला की पुढे काही विचारायची गरजच राहिली नाही.

२. फळ वेगळं, शेणखत वेगळं

हे पाऊल नीट कळलं की बाकीची सोपी आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, फळ नाही. तो म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. माळ्याचं बोलणं नीट ऐका. "मी फळ आणून दाखवतो" असं तो म्हणत नाही. खणणं आणि खत घालणं एवढंच त्याच्या हातात आहे, आणि तेवढ्याचाच शब्द तो देतो. आमचे एक नातेवाईक सासवडकडे अंजिराची बाग बघतात. त्यांना विचारलं, यंदा किती फळ येईल, तर ते हसतात. पाणी कधी, छाटणी कधी, शेणखताच्या किती पाट्या, हे विचारलं की तारखेनिशी सांगतात.

आपण बहुतेक वेळा वहीत फळ लिहितो. "मी शांत होईन." "माझा विश्वास वाढेल." "मी क्षमाशील होईन." हे सगळं आत्म्याचं काम आहे. त्याच्यावर आपली सही चालत नाही. म्हणून पानाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे फळाचं नाव. उजवीकडे फक्त खणणं आणि खत, म्हणजे ज्याला दिवस, वेळ आणि जागा आहे असं काम.

माझ्या पानावर डावीकडे "सौम्यता" होतं. उजवीकडे काय लिहावं हे कळायला दोन आठवडे लागले. तेवढे दिवस मी आवाज चढला की घड्याळ बघून वेळ टिपत गेले. चौदापैकी अकरा वेळा तो सकाळी साडेसहा ते आठच्या मध्ये चढला होता, म्हणजे डबे, गणवेश आणि पाणी जायची वेळ. तेव्हा उजवीकडे पहिली ओळ लिहिली: भाजी रात्री निवडून, चिरून ठेवायची. दुसरी: गणवेशाला इस्त्री रविवारी, पाचही दिवसांची. तिसरी: पावणेसहाला उठून ओट्याशी उभं राहून नाव घेऊन मुलासाठी प्रार्थना, चहा उकळेपर्यंत. आत्मिक वाढीच्या वहीत "गवार रात्री मोडून ठेवणे" लिहिताना मला हसू आलं. पण सांगते, अर्धी सौम्यता गवारीनं आणली. उरलेल्या अर्धीसाठी अजून गुडघे टेकते आहे.

एका वर्षाला एकच फळ घ्या. पाच वर्षांत पाच झाली तरी पुष्कळ. नऊच्या नऊ एकदम घेणारी माणसं मी पाहिली आहेत. मार्च महिन्यात त्यांची वही सापडत नसते.

३. वाचन: आठवड्याला पाच अध्याय

आता ती लाल फीत. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस, रोज एक, असं वाचलं तर ५२ आठवड्यांत नेमके २६० होतात. पहिलं वर्ष इथेच संपलं. जुन्या करारात ९२९ अध्याय आहेत, ते उरलेल्या चार वर्षांत वर्षाला २३२-२३३ प्रमाणे. एकूण १,१८९ अध्याय, आणि पाच वर्षांत तुमच्या हातात वाचनाचे १,३०० दिवस. म्हणजे १११ दिवस शिल्लक. लग्नं, आजारपणं, परीक्षा, पाहुणे, सगळं त्यात बसतं. शनिवार-रविवार तर वेगळेच. (कॅथोलिक वाचकांनी आकडे थोडे वाढवून घ्यावेत. आमच्या पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं, त्यांच्या ७३.)

क्रम पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणेच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. नव्या माणसानं मार्कपासून सुरुवात करावी. १६ अध्याय, तीन आठवडे आणि एक दिवस, आणि गोष्ट धावती आहे. मग लूक, त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच हातची. मग फिलिप्पैकर आणि याकोब, नंतर योहान, मग बाकीची पत्रं. रोमकरांस पत्र मध्ये कुठेतरी, सोबत कुणी जाणतं असेल तेव्हा. प्रकटीकरण शेवटी, आणि ते वाचताना मोबाइलवरच्या भविष्यवाल्यांचे व्हिडिओ बंद. जुन्या करारात गेल्यावर अधूनमधून एक स्तोत्र घालावं, आंबोण चालू असताना गाईला हिरवा चारा टाकतात तसं. लेवीय मी चौथ्या वर्षी वाचलं, इब्री लोकांस पत्र दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर. तेव्हा तो तेरावा अध्याय एका बैठकीत झाला, आणि रोग्याला छावणीबाहेर काढण्याची ती वचनं वाचताना येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला तो प्रसंग आपोआप आठवला.

भाषेचं म्हणाल तर जुन्या भाषांतराची मराठी जड वाटते म्हणून वाचन सोडणारे खूप आहेत. सोप्या मराठीतलं घ्या. त्यात कमीपणा काही नाही, रमाबाईंनी तेवढ्याचसाठी जन्म घासला. पाठांतराला मात्र जुनंच घ्यावं असं माझं मत आहे. त्याला ठेका आहे, जिभेवर बसतं. महिन्याला एक वचन पाठ केलं तर पाच वर्षांत साठ होतात. दवाखान्याच्या बाकावर चष्मा नसताना हीच साठ कामाला येतात.

वाचल्यावर एक ओळ लिहा. एकच. "आज काय कळलं" किंवा "आज काय कळलं नाही", दोन्ही चालतात.

४. प्रार्थनेला आधीच चालू असलेल्या कामाची वेळ द्या

येशू म्हणतो, आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. ज्यांच्या घरात लावायला वेगळं दारच नाही त्यांनी काय करावं? आमच्या माहेरी दोन खोल्यांत नऊ माणसं होती. आई पहाटे चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवायची, मागच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसायची आणि डोक्यावर पदर घ्यायची. पाण्याला आधण येईपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही, हा घरचा नियम होता. कुणी शिकवला नव्हता, सगळ्यांना माहीत होता. तिनं घड्याळ लावून कधी प्रार्थना केली नाही. आधण हेच घड्याळ.

तुमचं आधण कुठलं ते शोधा. लोकलमध्ये विरार ते अंधेरी, कारखान्याच्या बसची वाट बघतानाची दहा मिनिटं, बाळाला पाजतानाचा वेळ. नवी वेळ काढायला गेलात तर ती महिनाभर टिकते. जुन्या कामाच्या पाठीला बांधलेली टिकून राहते. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, तेही ठरलेल्या खिडकीशी. जागा ठरलेली असली की पायच तिकडे वळतात.

पहिल्या वर्षी दहा मिनिटं पुरे. ती टिकली तर दुसऱ्या वर्षी पंधरा करा. पाच वर्षांत अर्धा तास झाला तर उत्तम, पंधराच राहिली तरी मला त्यात काही गैर वाटत नाही.

वहीच्या मागच्या बाजूनं प्रार्थनेचा हिशेब ठेवा. डावीकडे तारीख आणि विनंती, उजवा रकाना मोकळा. उजवीकडे उत्तर मिळाल्याची तारीख येते, आणि कधी कधी "नाही" असंही लिहावं लागतं. माझ्या वहीत वडिलांच्या नावापुढे "नाही" आहे. ते खोडलं नाही. पानभर तारखांमध्ये ते एक "नाही" वाचायला जड जातं, पण वही खरी राहते.

५. पैशाचं ध्येय

हे लोक टाळतात, म्हणून थोडक्यात पण स्पष्ट. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यावा असं आपण शिकतो. पण १८,००० पगार असलेल्या नव्या विश्वासणाऱ्याच्या घरातून पहिल्याच महिन्यात १,८०० निघत नाहीत, आणि निघाले तर तिसऱ्या महिन्यात भांडण होतं. पहिल्या वर्षी दोन टक्के काढा, म्हणजे ३६० रुपये. पगाराच्या दिवशीच पाकिटात घालून ठेवायचे, महिन्याअखेर उरतील तेव्हा नाही. दुसऱ्या वर्षी चार टक्के, मग सहा, आठ, आणि पाचव्या वर्षी दहा. घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाशी आधी बोला. पौलानं करिंथकरांना सांगितलंय की देणाऱ्यानं कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये.

कर्ज काढून अर्पण करू नका. आणि "शंभर टाका, हजार येतील" असं कुणी स्टेजवरून सांगत असेल तर पाकीट खिशातच ठेवून घरी या.

६. वही दाखवायला एक माणूस

एकट्यानं ठेवलेली वही आपल्याला फसवते. पाळकसाहेबांना तीन गावच्या मंडळ्या असतात, त्यांना दर महिन्याला तुमच्यासाठी वेळ मिळेलच असं नाही. मंडळीतलं कुणी जुनं, कमी बोलणारं माणूस शोधा. बायकांनी बाई बघावी, पुरुषांनी पुरुष. विचारायचं कसं, याचंच अनेकांना दडपण येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलानं असं विचारलं होतं:

"काका, महिन्यातून एकदा अर्धा तास भेटाल का?"

"मी काय शिकवणार बाळा तुला? मी सातवी पास."

"शिकवू नका काका. वही बघायची आणि विचारायचं, हे केलंस का? एवढंच."

काका तयार झाले. आता त्यांचीही एक वही आहे असं ऐकते.

कॅथोलिक घरांत पापनिवेदनाची वाट आधीच आहे. ठरावीक धर्मगुरूंकडे नेमानं जाणं हे याच कामाचं जुनं रूप म्हणता येईल.

आणि मंडळीत एक काम धरा, तेही तीन वर्षांसाठी. सतरंज्या घालणं, संडे स्कूलचं हजेरीपत्रक, उपासनेनंतर म्हाताऱ्यांना रिक्षात बसवून देणं, काहीही. ज्यात फोटो निघत नाही असं असेल तर फार बरं.

घरात तुम्ही एकटेच असाल तर

नव्या लोकांपैकी पुष्कळांच्या घरात बाकी कुणी विश्वासात नसतं. त्यांना वाटतं, पहिलं ध्येय घरच्यांना आणण्याचं. माझा सल्ला वेगळा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या बाईनं काय सोसलं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. शेवटी निर्णय घेतला तो स्वतःच्या विचारानं, कुणी ढकलल्यामुळे नाही. म्हणून वहीच्या डाव्या बाजूला "घरचे विश्वासात येतील" लिहू नका, ते फळ आहे. उजवीकडे लिहा: रोज संध्याकाळी बाबांना फोन. सणाला घरी जायचं, कामाला हात लावायचा, वाद घालायचा नाही. आईच्या औषधांचा खर्च माझ्याकडे. पाच वर्षांनी घरच्यांना एवढं म्हणता आलं पाहिजे की पोरगी आधीपेक्षा मायाळू झाली.

७. आढावा वर्षातून चारदा

महिन्याला आढावा घेतला तर शिक्षा वाटते, वर्षाला घेतला तर उशीर झालेला असतो. मंडळीचं वर्ष आपल्याला आयते टप्पे देतं: उपवासकाळाची (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांची) सुरुवात, पन्नासाव्या दिवसाचा सण (ईस्टरनंतरचा, पवित्र आत्मा उतरल्याचा), कापणीचा सण आणि आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा) पहिला रविवार. या चार दिवशी वही उघडा. उजव्या रकान्यातलं काय झालं, काय राहिलं, काय बदलायला हवं, एवढंच बघा. डावा रकाना तपासू नका. रोज बी उकरून पाहिलं तर उगवणारही उगवत नाही.

कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक पहिली भाजी, ज्वारीची कणसं, अंडी, कोंबडा घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्या दिवशी लिलावाच्या गलक्यात बाहेर बाकावर बसून वही बघायला मला आवडतं. एका वर्षी कुणाचाच माल धड नव्हता, पावसानं दगा दिला होता. तरी जे होतं ते लोक घेऊन आले. किडका भोपळा नव्वद रुपयांना गेला.

खंड पडला तर? पडणारच. माझा एकदा पाच महिन्यांचा पडला, सासूबाईंच्या आजारपणात. तेव्हा एक नियम केला: मागचं भरून काढायचं नाही. किती दिवस मागे पडलो ते मोजायचं नाही, फीत जिथे असेल तिथून पुढचा एक अध्याय आज वाचायचा. ते १११ दिवस त्यासाठीच आहेत. थकबाकी वसूल करायला बसलात की वचन पठाणी व्याजासारखं वाटायला लागतं. आणि उजव्या रकान्यातलं एखादं काम दोन आढाव्यांत झालंच नाही तर ते मोठं ठरलं होतं असं समजून अर्धं करा. अर्धा तास होत नसेल तर दहा मिनिटं, दहा होत नसतील तर आमच्या आईचं आधण.

सगळ्यात अवघड पान

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. म्हणून प्रत्येकाच्या वहीत एक पान एका माणसाच्या नावानं असावं. बोलणं बंद असलेल्या माणसाच्या. हे पान वहीत नसलं तर बाकीची सगळी पानं मला जरा सोयीची वाटतात.

माझ्या पानावर थोरल्या जाऊबाईंचं नाव आहे. घराच्या वाटणीत मागच्या अंगणातल्या नळावरून झालं. कोण चुकलं हे मी इथे लिहीत नाही, कारण मी लिहिलं तर मीच बरोबर निघेन. मंडळी एकच, बाकही दोनच सोडून, आणि सात वर्षं एकमेकींशी शब्द नाही. प्रभुभोजन मात्र दोघी घेत होतो.

डावीकडे लिहिलं: ताईंच्या घरी बसून जेवणं. उजवीकडे पहिल्या वर्षी फक्त एवढंच: रोज ताईंचं नाव घेऊन प्रार्थना, तीही नळाचा विषय न काढता. हे वाटतं तेवढं सोपं नाही. पहिले दोन महिने मी देवाला नळाचीच हकिगत सांगत होते. दुसऱ्या वर्षी: उपासनेनंतर पायरीवर थांबून "सलाम ताई" म्हणायचं, उत्तर येवो न येवो. बहुतेक वेळा आलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात गेले, दहा मिनिटं बसले. त्या भिंतीकडे बघत होत्या, पण निघताना म्हणाल्या, "छत्री राहिली बघ तुझी."

यंदा चौथं वर्ष. नाताळात पुतण्या करंज्यांचा डबा घेऊन आला. स्टीलचा, झाकणावर ताईंचं नाव कोरलेला. करंज्या दोन दिवसांत संपल्या. डबा घासून, पुसून ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवलाय. आपल्याकडे रिकामा डबा परत पाठवत नाहीत. त्यात काय घालावं ते अजून ठरलेलं नाही, पण पाठवायचा कुणाच्या हातून हे ठरलंय. मीच घेऊन जाणार आहे, आणि जेवायच्या वेळेला.